नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड आणि तारामती: शनिवार-रविवारची चढाई, आणि गट किती मोठा असावा याविषयी

घाटमाथा (मूळ लेखन)

हरिश्चंद्रगडावर जाणाऱ्या वाटांपैकी पाचनईची वाट सर्वांत सोपी, खिरेश्वराहून टोलार खिंडीमार्गे येणारी वाट लांब पण रुळलेली, आणि कोकणातल्या बेलपाड्याहून कोकणकड्याच्या, म्हणजे गडाच्या पश्चिमेच्या उभ्या कड्याच्या, अंगाने नळीतून, म्हणजे कातळभिंतींमधल्या अरुंद घळीतून, वर चढणारी नळीची वाट सर्वांत कष्टाची मानली जाते. या शेवटच्या वाटेची छायाचित्रे आणि चित्रफिती आंतरजालावर विपुल आहेत. त्यांतील बहुतेकांत कातळाला बिलगलेला एखादा गिर्यारोहक दिसतो, आणि त्यामुळे नव्याने जाऊ इच्छिणाऱ्यांचा असा समज होतो की तेवढे दोन-तीन कातळटप्पे चढण्याची धमक अंगात असली म्हणजे नळी जमली. मला हा समज घातक वाटतो. नळीतला मोठा धोका सुट्या दगडाचा आहे, आणि तो दगड बहुतेक वेळा आपल्याच गटातील माणसाच्या पायाखालून निसटतो. म्हणून कोण चढणार आहे याच्याही आधी किती जण चढणार आहेत हे ठरवले पाहिजे. नुकत्याच पार पडलेल्या आमच्या चढाईचा मार्ग सविस्तर सांगून या प्रश्नावर येथील जाणकारांची मते मागवावीत, यासाठी हा धागा काढत आहे.

कल्याणहून मुरबाड, टोकावडे, मोरोशी असा माळशेजचा रस्ता धरला की घाटाची चढण सुरू होण्याआधीच डावीकडे वाल्हिवरे-बेलपाड्याकडे फाटा जातो. शुक्रवारी रात्री गावात पोहोचून शनिवारी उजाडण्यापूर्वी चालू लागणे हाच योग्य क्रम आहे, कारण नळीचे तोंड पश्चिमेकडे आहे. दुपारपर्यंत तिच्यात सावली असते. त्यानंतर ऊन थेट पाठीवर येते आणि दोन्ही बाजूंचा काळा कातळ तापू लागतो. शिवाय डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि गावापासून माथ्यापर्यंत हजार मीटरहून अधिक उंची चढायची असते. संथ गटाला त्यासाठी आठ तासही अपुरे पडतात. जे गट सकाळी न्याहारी उरकून नवाच्या पुढे निघतात, त्यांच्यावर नळीच्या वरच्या, सर्वांत उघड्या भागात अंधार पडण्याची वेळ येते.

गावातून निघाल्यावर प्रथम शेते, मग जंगल आणि मग ओढ्याचे कोरडे पात्र लागते. या टप्प्याविषयी फारसे कोणी लिहीत नाही, परंतु येथेच वाट चुकते. पात्राला ठिकठिकाणी दुसरे ओहोळ येऊन मिळतात, पहाटेच्या अंधारात सर्व सारखेच दिसतात, आणि चुकीच्या ओहोळात शिरलेला गट तास-दीड तासाने बंद भिंतीखाली जाऊन उभा राहतो. भ्रमणध्वनीवरील जीपीएसचा माग येथे काही प्रमाणात उपयोगी पडतो; पुढे नळी अरुंद झाली, की दोन्ही भिंतींमध्ये आकाशाचा पट्टा एवढासा उरतो आणि ते यंत्रही चुकीची जागा दाखवू लागते. आम्ही बेलपाड्यातील एका अनुभवी वाटाड्याला सोबत घेतले होते, आणि प्रत्येक गटाने तसेच करावे असा माझा आग्रह आहे.

नळीत शिरल्यावर पायाखालची जमीन बदलते. खाली माणसाच्या दुप्पट उंचीचे धोंडे एकमेकांत अडकून बसलेले असतात आणि ते बहुधा स्थिर असतात. त्यांच्यावरून हातापायांनी चढत जाणे दमवणारे असले तरी सुखाचे आहे. जसजसे वर जावे तसतसे दगड लहान होत जातात आणि वाट अवघड होत जाते. कलिंगडाएवढ्या दगडांचा, मुरमाचा आणि सुक्या मातीचा तो घसारा पाय टाकताच हलतो. येथे प्रत्येक दगडावर भार टाकण्याआधी तो चाचपावा, पाऊल मागे ढकलून न उचलता सरळ वर उचलावे, आणि दगड निसटलाच तर तो लहान असो वा मोठा, 'दगड' अशी आरोळी ताबडतोब द्यावी. आरोळी ऐकू आल्यावर खालच्याने वर पाहू नये. मान आत घेऊन जवळच्या भिंतीला किंवा धोंड्याला चिकटावे आणि पाठीवरची पिशवी वरच्या बाजूला येईल असे वळावे. शिरस्त्राण प्रत्येकाच्या डोक्यावर नळीच्या तोंडापासून हवे. आमच्यापुढे असलेल्या एका गटातील अनेकांची शिरस्त्राणे पिशव्यांना लटकत होती, ती पाहून मन अस्वस्थ झाले.

कातळटप्पे तुलनेने मोजक्या उंचीचे आहेत. त्यांवर हातांना आणि पायांना चांगल्या खाचा आहेत, आणि कोरड्या दिवसांत सराव असलेला माणूस ते दोराशिवायही चढेल. परंतु पाठीवर दोन दिवसांचे ओझे असते, चार तासांच्या चढाईने मांड्या थरथरत असतात, आणि सावलीतल्या कातळावर पावसाळ्यानंतर बरेच दिवस शेवाळ टिकून राहते. या तिन्ही गोष्टींचा विचार केला तर दोर न लावण्याला कोणतेही समर्थन उरत नाही. आम्ही पहिल्या माणसाला बिनओझ्याने वर पाठवले, त्याने जिवंत, जाड बुंध्याच्या झाडाला आणि न हलणाऱ्या धोंड्याला असा दुहेरी आधार बांधला, आणि मग एकेकाला वरून दोराच्या सुरक्षेवर घेतले. पिशव्या वेगळ्या ओढून घेतल्या. कारवीच्या काठ्या आधारासाठी धरण्याचा मोह टाळावा. वरून त्या शाबूत दिसतात आणि मुळाशी वाळून पोकळ झालेल्या असतात.

शेवटच्या भागात नळी सोडून आडवे बाहेर पडावे लागते, आणि माझ्या दृष्टीने हा सर्वांत गंभीर भाग आहे. चढण संपत आल्याच्या आनंदात लक्ष सैलावते आणि नेमकी तेथेच वाट अरुंद असते, सुक्या गवतावरून बूट सरकतात आणि एका अंगाला सरळ खोल दरी असते. येथे गप्पा, छायाचित्रे आणि खाणे हे सर्व थांबवून प्रत्येकाने केवळ पुढच्या पावलाकडे पाहावे.

वर आल्यावर कोकणकड्याच्या काठाने सपाटीवरून चालत मंदिराकडे जाता येते. या कड्यावर दिसणाऱ्या इंद्रवज्राची, म्हणजे ढगांवर उमटणाऱ्या पूर्ण गोल इंद्रधनुष्याची, ब्रिटिश अधिकारी कर्नल साइक्स यांनी केलेली नोंद १८३५ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यासाठी सूर्य पाठीशी आणि ढग समोर दरीत असावे लागतात, त्यामुळे हिवाळ्यातल्या निरभ्र संध्याकाळी त्याची अपेक्षा करू नये. मावळतीचा सूर्य आणि ज्या दरीतून आपण वर आलो ती पूर्ण दरी मात्र एकाच वेळी समोर असते, आणि दिवसभराचा मार्ग नजरेने परत खाली उतरता येतो. काठाजवळ उभे राहू नये. पालथे पडून, पाय कोणीतरी धरलेले असतानाच खाली पाहावे.

रविवारी सकाळी हरिश्चंद्रेश्वराचे दर्शन घेऊन तारामतीवर गेलो. मंदिरामागच्या गणेश गुहेकडून जंगलातून पाऊण ते एक तासाची ही चढण आहे. सुमारे १४२५ मीटर उंचीच्या या शिखरावरून दक्षिणेला नाणेघाट आणि जीवधन, तर उत्तरेला आजोबा, रतनगड आणि कळसूबाई असा सह्याद्रीचा फार मोठा पट्टा दिसतो. गडावर येणाऱ्यांतील बरेच जण कोकणकडा पाहून परततात आणि शिखर गाळतात, याचे मला वाईट वाटते, कारण गडाचा एकूण आकार, त्याचे पाणी कोणत्या बाजूला वाहते आणि कोकण व देश यांच्यातील उंचीचा फरक किती मोठा आहे, हे केवळ तेथूनच नीट कळते.

उतरताना नळीने येऊ नये. चढताना जो दगड पायाखाली निदान डोळ्यांना दिसतो, तो उतरताना टाचेमागून सुटतो आणि पुढच्याच्या पाठीवर जातो.

आता मूळ प्रश्न. माझ्या मते नळीत एका गटात आठांहून अधिक माणसे नसावीत, आणि एक गट नळीत असताना दुसऱ्याने निदान पहिला कातळटप्पा मोकळा होईपर्यंत खाली थांबावे. आपले मत काय आहे?

रानजाई (प्रतिसाद)

अतिशय उपयुक्त लेखन, धन्यवाद. माझी कन्या सोळा वर्षांची आहे. आम्ही दोघींनी कळसूबाई, राजगड आणि हरिहर केले आहेत, आणि हरिहरच्या खोदीव पायऱ्यांवर तिला किंचितही भीती वाटली नव्हती, त्यामुळे ती या हिवाळ्यात नळीच्या वाटेचा हट्ट धरून बसली आहे. उंचीची भीती नसणे हे या वाटेसाठी पुरेसे आहे का? दुसरा प्रश्न असा की, गाडी बेलपाड्यात ठेवून पाचनईला किंवा खिरेश्वराला उतरल्यास परत गाडीपाशी कसे यावे? पाचनई घाटमाथ्यावर अकोले तालुक्यात आणि बेलपाडा खाली मुरबाड तालुक्यात, म्हणजे रस्त्याने फार मोठा वळसा पडत असावा.

कातळ (प्रतिसाद)

घाटमाथा यांच्या मूळ मुद्द्याशी मी पूर्ण सहमत आहे, मात्र एका बाबतीत त्यांनी अधिक स्पष्ट लिहायला हवे होते. घसाऱ्यावर दोन माणसांत अंतर किती ठेवायचे, हा प्रश्न माणसांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा आहे. बहुतेकांना वाटते की अंतर जितके अधिक तितकी सुरक्षितता अधिक. अरुंद नळीत हे खरे नाही. निसटलेला दगड पहिल्या दोन-चार फुटांत सावकाश घरंगळतो आणि पाठोपाठ येणाऱ्याला तो हाताने किंवा पायाने अडवता येतो. तोच दगड तीस-चाळीस फूट खाली गेला की उसळ्या घेऊ लागतो, इतर दगडांना धक्का देतो आणि त्याला अडवणे कोणाच्याही हाती राहत नाही. म्हणून घसाऱ्यावर संपूर्ण गटाने एकमेकांना लागून, हात पोहोचेल इतक्या अंतरावर, जमल्यास किंचित तिरके चढत जावे, आणि तिरके वळताना कोणीही दुसऱ्याच्या बरोबर खाली येणार नाही याची काळजी घ्यावी.

कातळटप्प्यावर नियम उलटा होतो. तेथे एका वेळी एकच माणूस चढेल आणि बाकीचे त्याच्या सरळ खाली न थांबता बाजूला, एखाद्या पुढे आलेल्या कातळाच्या आडोशाला थांबतील. मी पाहिलेले बहुतेक गट नेमके याच्या विरुद्ध वागतात: घसाऱ्यावर पांगतात आणि कातळटप्प्याच्या पायथ्याशी गर्दी करतात. आठ माणसांची मर्यादा मला याच कारणाने पटते. एकमेकांना लागून चालणारी आठ माणसे प्रमुखाच्या नजरेत आणि आवाजाच्या टप्प्यात राहतात. वीस माणसे राहू शकत नाहीत.

दोराविषयी एवढेच सांगतो की तो गिर्यारोहणासाठी बनवलेला, प्रमाणित आणि जुना न झालेला असावा. बाजारातील नायलॉनची दोरी मालवाहू गाडीवरचा माल बांधण्यासाठी असते. टप्प्यावर नुसता दोर सोडून त्याला हातांनी धरून चढायला लावणे ही पद्धतही बंद व्हायला हवी, कारण हात सुटला की तो दोर असून नसल्यासारखा होतो. कमरेला हार्नेस (पट्ट्यांचा साज), त्यात दोर आणि वर बिले देणारा, म्हणजे दोर नियंत्रणात ठेवून पडणाऱ्याला धरणारा, शिकलेला माणूस, या तीन गोष्टी असतील तरच त्याला सुरक्षा म्हणता येते.

रानजाई, आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर: हरिहरच्या पायऱ्या कितीही उभ्या असल्या तरी त्या पायाखाली हलत नाहीत. आपल्या कन्येने आधी एखाद्या मान्यताप्राप्त संस्थेच्या प्रस्तरारोहणाच्या प्राथमिक शिबिरात भाग घ्यावा आणि सुट्या दगडांच्या एखाद्या छोट्या नाळेत सराव करावा. उत्साह आणि वय या दोन्ही गोष्टी तिच्या बाजूने आहेत, त्यामुळे एक हिवाळा थांबल्याने काहीही बिघडणार नाही.

मुरबाडकर (प्रतिसाद)

मी याच भागातला आहे आणि लहानपणापासून या डोंगराच्या पायथ्याशी वावरलो आहे, त्यामुळे काही गोष्टी सांगणे मला आवश्यक वाटते.

पावसाळ्यात ही नळी म्हणजे डोंगरावरचे पाणी खाली आणणारा मार्ग असतो, आणि त्या काळात तिच्यात पाऊल टाकण्याचा विचारही करू नये. पाऊस थांबल्यावर चार दिवसांनी येणाऱ्यांनाही माझा सल्ला हाच आहे, कारण खाली लख्ख ऊन असताना वर माथ्यावर पडलेली एक जोरदार सर तासाभरात खाली पोहोचते, आणि दोन भिंतींमध्ये अडकलेल्या माणसाला बाजूला व्हायला जागा नसते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ योग्य. त्यातही सुरुवातीला डबक्यांत पाणी मिळते, पुढे ती आटतात किंवा पाणी पिण्याजोगे राहत नाही. म्हणून प्रत्येकी चार लिटर पाणी गावातूनच भरून न्यावे आणि वरच्या डबक्याच्या भरवशावर राहू नये.

दुसरी गोष्ट आग्यामोहोळांची. कड्याच्या कपारींत त्यांची मोठमोठी पोळी असतात. धूर, उग्र सुगंधी द्रव्ये, मोठमोठ्याने ओरडणे आणि दगड फेकणे यांनी त्या माश्या चवताळतात, आणि नळीत त्यांच्यापासून पळून जाण्याची सोय नाही. म्हणून चूल पेटवणे, फटाके आणि ध्वनिक्षेपक यांपैकी काहीही येथे नको. दगडाची आरोळी मात्र द्यावीच लागते. बाकी वेळी आवाज जितका कमी तितका बरा.

तिसरी गोष्ट माकडांची. नळीत आपण एकटेच आहोत असे समजू नये. वरच्या कपारींतून उड्या मारणारी माकडे आणि वानरे दगड पाडतात, आणि त्यांना पाहायला म्हणून लोक उघड्यावर उभे राहतात. कपारीत हात घालण्यापूर्वी ती डोळ्यांनी पाहून घ्यावी, कारण फुरसे आणि चापडा हे दोन्ही विषारी साप या डोंगरात आहेत.

आणि एक कळकळीची विनंती गडावर येणाऱ्या सर्वांनाच आहे. कोकणकड्यावरून खाली दगड टाकून तो पडायला किती वेळ लागतो हे मोजण्याची खोड अनेकांना असते. कड्याच्या पायथ्याशी गुराखी असतात, लाकूडफाट्याला आणि रानभाजीला गेलेल्या बायका असतात, चढाई करणारे गट असतात. कृपा करून हा प्रकार करू नका, आणि कोणी करताना दिसल्यास त्याला थांबवा.

शिलाखंड (प्रतिसाद)

नळीत आधी अवघड टप्पा, मग थोडी उसंत, मग पुन्हा अवघड टप्पा असा क्रम का लागतो, याचे कारण खडकात आहे आणि ते कळले तर चढताना उपयोग होतो, म्हणून थोडे लिहितो. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे प्रवाह एकावर एक पसरत गेले, आणि सह्याद्रीचा कडा म्हणजे भाकऱ्यांच्या चळतीसारखी त्या थरांची रास आहे. प्रत्येक थराचा मधला भाग सावकाश थंड झाल्याने घट्ट आणि कठीण असतो. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकल्याने तो सच्छिद्र आणि तुलनेने लवकर झिजणारा असतो. कठीण भाग उभ्या भिंतीच्या रूपात टिकतो, तर झिजणाऱ्या भागात उतार सौम्य होतो आणि त्यावर माती, गवत व झाडे येतात. कोकणकड्यावर दुरून दिसणाऱ्या आडव्या रेघा याच थरांच्या आहेत, आणि नळीतील कातळटप्पे म्हणजे अशाच कठीण भागांच्या कडा.

थरांना उभ्या भेगाही असतात. भेगांत पाणी शिरते, मुळे शिरतात, दिवसाचे ऊन आणि रात्रीचा गारवा यांनी खडक प्रसरण-आकुंचन पावत राहतो, आणि ठोकळे सुटे होतात. ते खाली नळीत साठतात आणि पुढच्या पावसाळ्यातले पाणी त्यांना हलवून नव्या जागी ठेवते. याचा व्यावहारिक अर्थ असा की गेल्या वर्षी ज्या धोंड्यावर तुम्ही विश्वासाने उभे राहिलात तो यंदा त्याच जागी असला तरी तितकाच स्थिर असेलच असे नाही. हंगामातल्या पहिल्या गटांनी तर संपूर्ण नळी नवी आहे असे समजूनच चढावे. कातळटप्प्यावर हात ठेवण्यापूर्वी त्या खडकावर मुठीने किंवा दगडाने हलकेच ठोकावे: भरीव आवाज आला तर तो मूळ खडकाशी जोडलेला आहे, पोकळ आवाज आला तर तेथे भार टाकू नये.

सोबती (प्रतिसाद)

मी अनेक वर्षे शनिवार-रविवारच्या मोहिमा आयोजित करतो, त्यामुळे आठ माणसांच्या मर्यादेविषयी दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. बेलपाड्यापर्यंतचे आणि पाचनईहून परतीचे वाहन, वाटाड्यांचे मानधन, तांत्रिक साहित्य आणि प्रशिक्षित प्रमुख यांचा खर्च आठ जणांत विभागला, तर प्रत्येकाला पडणारी रक्कम विद्यार्थ्यांना आणि नव्याने नोकरीला लागलेल्या मुलामुलींना परवडत नाही. ती मुले मग घरी बसत नाहीत. एखादी चित्रफीत पाहून, दोर आणि वाटाड्या यांच्याविना आपापली निघतात. त्यापेक्षा पंधरा-वीस जणांचा गट, पाच जणांमागे एक प्रशिक्षित साहाय्यक आणि पूर्ण साहित्य, ही व्यवस्था अधिक सुरक्षित आहे असे मी मानतो. राज्य शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांच्या नोंदणीची तरतूद केली. नोंदणी केलेल्या आणि साहित्याची काळजी घेणाऱ्या संस्थांना आणि कोणतीही तयारी नसलेल्यांना एकाच मापाने मोजू नये.

घाटमाथा (प्रतिसाद)

सोबती, खर्चाचा मुद्दा खरा आहे आणि तो मांडल्याबद्दल मी आपला आभारी आहे. विद्यार्थ्यांना परवडेल अशी चढाई असावी हेही मला मान्य आहे. तरीही प्रमाणावर माझे समाधान होत नाही. पाच जणांमागे एक साहाय्यक दिल्याने दोराचे काम उत्तम होते, परंतु घसाऱ्यावर वीस माणसांचे चाळीस पाय पडतातच. कातळ यांनी सांगितल्याप्रमाणे एकमेकांना लागून चालायचे म्हटले तरी वीस जणांची रांग इतकी लांब होते की पहिल्याच्या पायाखालचा दगड शेवटच्यापर्यंत पोहोचेस्तोवर वेग घेतो. वेळेचा हिशेबही पाहा. एका कातळटप्प्यावर एका माणसाला, पिशवी ओढण्यासकट, दहा मिनिटे धरली तर आठ जणांना ऐंशी मिनिटे लागतात आणि वीस जणांना तीन तासांहून अधिक. असे टप्पे एकाहून अधिक आहेत. म्हणजे मोठा गट कितीही शिस्तीचा असला तरी तो उन्हात, दगडांच्या मार्गात, तासन्तास ताटकळत उभा राहणार आणि आडव्या वाटेवर त्याला अंधार गाठणार.

यावर मला सुचणारा मार्ग असा आहे की, वाहन आणि मुक्काम वीस जणांचा एकत्र असावा, पण नळीत आठ जणांनीच जावे आणि उरलेल्यांनी त्याच दिवशी 'साधले घाट' या बेलपाड्याहून पाचनईला चढणाऱ्या जुन्या वाटेने पाचनईकडून गडावर यावे. पुढच्या मोहिमेत अदलाबदल करता येईल. खर्च तितकाच विभागला जातो, सर्वांची भेट कोकणकड्यावर होते, आणि नळीतून कोणाला मदत हवी असल्यास वर ताज्या दमाची माणसे हजर असतात. हे शेवटचे मला विशेष महत्त्वाचे वाटते, कारण नळीत जखमी झालेल्या माणसाला उचलून नेणे आठ जणांच्या आवाक्याबाहेरचे काम आहे. ११२ हा आपत्कालीन क्रमांक आणि महाराष्ट्र माउंटेनिअर्स रेस्क्यू कोऑर्डिनेशन सेंटरचा मदत क्रमांक प्रत्येकाने निघण्यापूर्वी नोंदवून ठेवावा, आणि नळीत भ्रमणध्वनीला संपर्क मिळेलच असे गृहीत न धरता गावात किंवा घरी कोणाला तरी अपेक्षित वेळ सांगून ठेवावी: अमुक वाजेपर्यंत वर पोहोचल्याचा निरोप आला नाही तर चौकशी सुरू करावी.

रानजाई, आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. गाडी बेलपाड्यात असेल तर दोन पर्याय आहेत. पाचनईला उतरून साधले घाटाने परत पायी बेलपाड्याला येता येते, त्यात रस्त्याचा वळसा वाचतो पण रविवारचा दिवस लांबतो. खिरेश्वराला उतरल्यास खुबी फाट्यावर माळशेजचा महामार्ग मिळतो आणि तेथून वाहनाने घाट उतरून बेलपाड्याच्या फाट्यापर्यंत येता येते. तारामती करायचे असेल तर मी दुसरा पर्याय घेतो.

सोबती (प्रतिसाद)

दहा मिनिटांचा हिशेब मी आमच्या नोंदींशी ताडून पाहिला आणि तो योग्य आहे. आमच्या मोहिमांत माथ्यावर पोहोचायला होणाऱ्या उशिराचे मुख्य कारण हेच असते. गट विभागून साधले घाटाने दुसरी तुकडी आणण्याची कल्पना मला पटली आहे, आणि जानेवारीच्या मोहिमेत ती करून पाहण्याचा विचार आहे. एक अडचण दिसते: साधले घाटाने येणाऱ्यांना आपल्याला कमी दर्जाचे दिले असे वाटू नये, यासाठी त्यांच्यासाठी तारामती आणि रोहिदास या दोन्ही शिखरांचा कार्यक्रम ठेवावा लागेल.

रानजाई (प्रतिसाद)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. हा धागा कन्येला वाचायला दिला. शिलाखंड यांनी सांगितलेली खडकावर ठोकून पाहण्याची रीत आणि कातळ यांनी सांगितलेला अंतराचा नियम तिने वहीत उतरवून घेतला, आणि यंदा शिबिर व पुढच्या हिवाळ्यात नळी हे तिने स्वतःहून मान्य केले. यंदा आम्ही साधले घाटाने चढून तारामती करावी असे ठरत आहे. मुरबाडकर, बेलपाड्याहून साधले घाटाने पाचनईपर्यंत पोहोचायला आमच्यासारख्यांना किती वेळ धरावा, आणि वाटाड्या तेथेही घ्यावा का?

मुरबाडकर (प्रतिसाद)

ताई, वाटाड्या तेथेही घ्यावा. घाटाची वाट जुनी आणि वहिवाटीची असली तरी खालच्या जंगलात गुरांच्या वाटा तिला सतत फाटे फोडतात, आणि पावसाळ्यानंतर वाढलेल्या गवतात मूळ वाट दिसत नाही. सकाळी सहाला निघालात तर घाई न करता दुपारच्या जेवणापर्यंत पाचनईच्या बाजूला पोहोचाल, आणि तेथून मंदिरापर्यंत आणखी दोन ते तीन तास धरा. वाटाड्याचे मानधन आधी ठरवून घ्या, त्याच्या जेवणाची आणि मुक्कामाची सोय आपल्याबरोबरच करा, आणि त्याने 'आज पुढे जायचे नाही' असे सांगितले तर कारण विचारत न बसता त्याचे ऐका.